आपण म्हणजे कोण

आमच्या वरच्या मजल्यावर परदेशी माणसं राहायला येणार, हे गल्लीला आधी कळलं आणि मला नंतर. सकाळी दूध घेऊन येत होतो, तर समोरच्या किराणा दुकानातून गुरुपादप्पा म्हणाले, "काय अनंतराव, मिशनरी ठेवायलाव म्हनं वर?"

मी नुसता हसलो. काही कळलं नाही की मी हसतो. घरी येऊन प्रमोदिनीला विचारलं.

"मग? परवा सांगून राहिले होते की तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही पुस्तकात तोंड घालून 'हूं' म्हणालात."

'सांगून राहिले' हे तिचं माहेरचं, इस्लापूरकडचं मराठी. लातुरात तेच 'सांगायले' होतं आणि पुस्तकात 'सांगत होते'. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केल्यामुळे मी पुस्तकातलं बोलतो. त्यामुळे घरात एकाच गोष्टीसाठी दोन क्रियापदं असतात आणि चालतं बहुधा तिचंच.

भूकंपाला दोन वर्षं होऊन गेली होती. किल्लारीकडची गावं गेली, लातूर शहर उभं राहिलं, पण लोकांच्या मनातला वरचा मजला मात्र पडला. आधी आमच्या वरच्या खोल्यांत क्लासेससाठी आलेली मुलं असायची. रेणापूरची, कंधारची, पार देगलूरकडचीसुद्धा. बारावीला लातूरला टाकलं की मुलगा डॉक्टर झालाच, असं तेव्हा वातावरण होतं. पण आता मुलाचा बाप जिना चढायचा, खिडकीवरची भेग बघायचा आणि म्हणायचा, "खालचं न्हाई का काही?" खाली आम्ही होतो. म्हणून वर रिकामं. प्रमोदिनीच्या नांदेडच्या भावाच्या ओळखीतले एक पाद्री होते, त्यांनी विचारलं आणि हिनं हो म्हटलं.

आलेली माणसं तीन. कॉलिन, त्याची बायको मार्गारेट आणि चौदा वर्षांची मुलगी ॲलिसन. न्यूझीलंडची. कॉलिन सुतार होता, लाकडी घरं बांधायचा. त्यांच्या चर्चनं त्यांना दोन महिन्यांसाठी पाठवलं होतं. इथं राहून बघायचं, आणि आपल्याला जमेल असं वाटलं तर जूनपासून मिशनच्या कामासाठी कायमचं यायचं. हे त्यानं पहिल्याच दिवशी मला सरळ सांगितलं. सरळ सांगितलं म्हणूनच मला संशय आला. ज्याला काही लपवायचं असतं तो आधी थोडं स्वतःहून दाखवतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं ते आठवत नाही. कदाचित वाचलंही नसेल.

प्रमोदिनीला असले प्रश्न पडत नाहीत. तिनं मुलीला खाली बोलावलं आणि नाव विचारलं.

"ॲलिसन."

"आळशीण?" प्रमोदिनी माझ्याकडे वळून म्हणाली. "अहो, असं कसं नाव ठेवलं लेकराचं? चांगली कामाची दिसते की."

मी समजावून सांगितलं, पण नाव पडलं ते पडलंच. आठ दिवसांत गल्लीतल्या बायका तिला 'ए आळशे' म्हणून हाक मारायला लागल्या आणि ती ओ द्यायला लागली.

पोरीला गल्लीनं घेतलं, बापाला मात्र घेतलं नाही. कॉलिन रोज जीपनं किल्लारीकडे नवी घरं बघायला जायचा. जाण्याआधी आणि आल्यावर गल्लीतल्या भिंती बोटांच्या पेरांनी ठोकून बघायचा. खिशातून टेप काढून भेगा मोजायचा. मार्गारेट बायकांना मुलांची नावं विचारायची, कोण कितवीत आहे ते विचारायची, आणि विचारलेलं विसरायची नाही. भूकंपानंतर अनाथ मुलांना कोण कुठं नेतंय याच्या नाना कहाण्या उठल्या होत्या, त्या अजून विझल्या नव्हत्या. त्यातून ही माणसं जेवणाआधी डोळे मिटून बसायची.

शेजारच्या इमारतीत मन्मथ फिजिक्सचे क्लासेस घ्यायचा. कॉलेजात असताना ग्रंथालयात यायचा. आता त्याच्याकडे तीन बॅच होत्या आणि मुलं जिन्यात बसून शिकत होती. आमचा वरचा मजला त्याला हॉस्टेलसाठी हवा होता. त्याला आम्ही नाही म्हटलं नव्हतं, हो म्हणायचं राहिलं होतं, तेवढ्यात ही माणसं आली. त्यामुळे त्याचा राग कुठून सुरू होतो आणि संशय कुठून, हे मला कधी नीट सांगता आलं नाही.

"सर, ह्यो भिंती का मोजायलाय?" तो मला म्हणाला.

"सुतार आहे. भूकंपात टिकणारी घरं..."

"आज भिंती मोजायलाय, उद्या मानसं मोजंल. तुमी साधे हाव सर. ह्या लोकांचं लई पुढचं ठरलेलं आसतंय."

तेवढ्यात मार्गारेट भाजीची पिशवी घेऊन आली. मन्मथनं तिला तोंडावरच विचारलं, "म्याडम, तुमी हितं काय करायलाव?"

ती घाबरली नाही. शब्द जुळवून म्हणाली, "आम्ही बघून राहिलो."

मन्मथ टाळी वाजवून हसला. "बघा! बघून राहिलो! म्हंजे बघितलं आन् राहिलो. झालं की ठरलं!"

मी सांगायला गेलो की हे प्रमोदिनीकडून उचललेलं वाक्य आहे, नांदेडच्या पलीकडे याचा अर्थ 'बघत आहोत' एवढाच होतो. पण सांगता सांगता मलाच शंका आली. हिला खरंच 'बघत आहोत' म्हणायचं असेल कशावरून? मी गप्प झालो. मन्मथला वाटलं मला पटलं.

खरं तर माझाही संशय कमी नव्हता, फक्त त्याला आवाज नव्हता. कॉलिननं मला एक काळ्या बांधणीचं मराठी पुस्तक भेट दिलं. त्यांच्या धर्माचं. मी ते कोशांच्या मागे ठेवलं, म्हणजे फेकलं नाही आणि दिसूही दिलं नाही. रात्रभर विचार केला की माझ्यासारख्या भित्र्या माणसालाच त्यानं का निवडलं. सकाळी तो आमच्या स्वयंपाकघराच्या दाराचं बिजागर नीट करत होता. ते दार भूकंपापासून लागत नव्हतं. प्रमोदिनी खूश. मी दाराकडे बघत उभा राहिलो. कोणी उगाच कोणाचं दार नीट करत नाही.

भाषेसाठी त्या घरात एक नियम होता. रविवार सोडून घरात इंग्रजी नाही. काही हवं असेल तर मराठीत मागायचं, मराठीत आलं नाही तर मिळायचं नाही. नियम कॉलिनचा. तो स्वतः जीपच्या ड्रायव्हरकडून शिकत होता. 'चालते की', 'काय बी', 'बस झालं' एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. पण अक्षरं त्यानं हट्टानं शिकली. रस्त्यावरच्या पाट्या बोट ठेवून वाचायचा. अर्थ कळायचा नाही, वाचता आल्याचाच आनंद. मार्गारेट प्रमोदिनीच्या चुलीपाशी शिकली. आणि ॲलिसन माझ्याकडे.

ती रोज दुपारी पाटी घेऊन यायची. लिहिण्याची तिची एक तऱ्हा होती. आपण अक्षर काढतो आणि वर रेघ देतो. ती आधी लांबलचक शिरोरेघ ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर लटकवायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. अक्षरं संपली तरी रेघ पुढे उरायची. मी रोज 'चूक' म्हणायचो. तो शब्द तिनं माझ्याकडून पहिल्यांदा उचलला. दुकानांच्या पाट्या बघून, माझ्यासारखीच मान हलवून, 'चूक' म्हणायची. लातुरात तेव्हा निम्म्या पाट्यांवर 'भुकंप' ऱ्हस्व होता.

शिकवण्याचा मला अनुभव नव्हता. पहिल्याच आठवड्यात 'आपण'पाशी अडलो.

"आपण म्हणजे कोण?" तिनं विचारलं.

"आपण म्हणजे तुम्ही. आदरानं," मी म्हणालो. मग वाटलं हे अर्धंच झालं. "आणि आपण म्हणजे आम्हीसुद्धा. पण समोरच्याला धरून. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. आपण म्हटलं की आत येतो."

"एकच शब्द? मग कळतं कसं?"

"कळतं," मी म्हणालो. तिनं विचारेपर्यंत मला वाटत होतं की कळतं. त्या संध्याकाळी दोन व्याकरणं काढून बसलो. दोन्हींत दोन्ही अर्थ होते. कळतं कसं, ते कोणीच दिलं नव्हतं.

जानेवारीत एका रविवारी कॉलिननं मला नांदेडला बरोबर यायला सांगितलं. तिथल्या छोट्या प्रार्थनासभेत त्याला दोन शब्द बोलायचे होते आणि दुभाषा हवा होता. मी नको म्हणायला हवं होतं. प्रमोदिनी म्हणाली, "जाऊन या. कोण खाऊन राहिलं तुम्हाला तिथं?"

कंधारवरून जाणारी एसटी मिळाली. कंधारच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. कॉलिन आणि मार्गारेट चहाला उतरले. ॲलिसन खिडकीपाशी बसून राहिली. मी विचारलं, "तुमच्या गावी काय आहे?"

रविवार असूनही ती मराठीत बोलली. "नदी. मोठी. मी नाव चालवते. शाळेची नाव. आठ मुली." तिनं हातांनी वल्ही मारून दाखवली. "इथे पाणी नळाला येते. चार दिवसांनी."

"होय," मी म्हणालो, जणू तो माझाच दोष होता.

"सर, मोठ्या माणसांना 'चला' म्हणता येते?"

"म्हणतात. पण बरं दिसत नाही. आज्ञा होते. विनंती करावी. 'बसावे', 'यावे', 'जावे'. पुढे 'कृपया' लावलं तर अधिक चांगलं." आज्ञार्थ मी तिला शिकवलाच नव्हता. मला स्वतःलाच तो कधी जमला नाही.

"बसावे, यावे, जावे," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

नांदेडची सभा एका शाळेच्या खोलीत होती. साधी माणसं होती. मी संशय घ्यावा असं तिथं काही घडलं नाही, याचाच मला संशय आला. कॉलिन बोलला, मी अडखळत मराठी केलं. शेवटी पाद्री उभे राहिले आणि म्हणाले, "देवाची इच्छा असेल तर जूनपासून हे कुटुंब आपलंच होईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ॲलिसननं माझी बाही ओढली. "काय म्हणाले? आपलंच?"

मी अर्थ सांगितला. ती जमिनीकडे बघत राहिली. परतीच्या गाडीत मार्गारेट तिच्या शेजारी बसली होती आणि दोघी खिडकीबाहेर बघत होत्या. कॉलिन एकटा खुशीत होता. मला म्हणाला, अजून देवाकडून खूण मिळाली नाही. खूण मिळाल्याशिवाय ठरवणार नाही. मी विचारलं, खूण कशी असते? तो म्हणाला, आली की ओळखू येते.

त्यानंतर दोन दिवसांनी भिंतीवर ती ओळ उमटली.

आमचा वर जायचा जिना बाहेरून, गल्लीकडून आहे. पहिल्या पायरीपाशी कॉलिन रोज सकाळी बसून बूट घालायचा. त्या पायरीच्या बाजूच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं:

आपण आता आपल्या घरी परत जावे. कृपया.

पहिल्यांदा पाहिलं ते मन्मथच्या सकाळच्या बॅचच्या मुलांनी. मग गुरुपादप्पा दुकान उघडायचं सोडून आले. मी बाहेर आलो तेव्हा दहा-पंधरा माणसं होती आणि एकही जण मोठ्यानं बोलत नव्हता.

"कोन लिव्हलं म्हनायचं ह्ये?" गुरुपादप्पा म्हणाले आणि सगळ्यांनी मन्मथकडे पाहिलं. गल्लीत उघडपणे बोलणारा तोच होता, खोल्याही त्यालाच हव्या होत्या. खडूचा डबाही त्याच्याकडे होता.

कॉलिन जिना उतरून आला. माणसं बघून थांबला, मग भिंत बघितली. वाकून, बोट ठेवून वाचायला लागला. "आ-प-ण. आ-ता." वाचून झाल्यावर मला इंग्रजीत म्हणाला, याचा अर्थ सांगा.

मी सांगितला. "तुम्ही आता तुमच्या घरी परत जा, कृपया." दुसरा काय सांगणार? गल्लीत उभ्या असलेल्या प्रत्येकानं तोच अर्थ वाचला होता.

कॉलिनचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. तो भिंतीकडे बघत राहिला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. वर तोंड करून त्यानं हाक मारली, "मार्गारेट!" ती उतरून आली. तिच्या मागे ॲलिसन, चार पायऱ्या वर थांबली, कठड्याला धरून. कॉलिन भराभर इंग्रजीत बोलला. त्या दिवशी रविवार नव्हता, पण नियम तो विसरला होता. म्हणाला, हीच ती खूण. जिथं विरोध होतो तिथंच आपलं काम असतं. सगळे गोड बोलत होते तोपर्यंत मला शंका होती. आता नाही. आपण राहायचं.

मी ॲलिसनकडे बघत होतो. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

"काय म्हनायलाय त्यो?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"राहणार म्हणतो. कायमचा," मी सांगितलं.

"आन् वर पोलिसात बी जाईल," कोणीतरी मागून म्हणालं. "मन्मथ, तुजी बॅच गेली बाबा."

मन्मथ पुढे आला. त्याच्या कपाळावर भस्माचे पट्टे ताजे होते आणि तो खरोखरच चिडला होता.

"मी लिव्हलं म्हनता? वाचा की नीट! कृपया! मी कुनाला हाकलायचं म्हनलो तर कृपया लिव्हीन का? 'चालते व्हा' लिव्हीन. मोठ्या अक्षरात लिव्हीन. 'जावे' म्हनं! आमच्या गल्लीत 'जावे' कोन म्हनतंय? 'जावा' म्हन्त्यात!" त्यानं बोट भिंतीवरून उचललं आणि ते हवेत फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबलं. "असलं मराठी हितं एकच मानूस बोलतंय."

गल्लीनं माझ्याकडे पाहिलं. गुरुपादप्पांच्या डोळ्यांत राग नव्हता, कौतुक होतं. ते मला जास्त लागलं. "अनंतराव? तुमी?"

कॉलिनला काहीतरी समजलं. तोही माझ्याकडे बघायला लागला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड हलला. अनोळखी माणसाचा विरोध त्याला हवा होता. माझा नव्हता.

मी तोंड उघडलं. पण त्याच क्षणी माझी नजर भिंतीवर गेली. अक्षरं संपली होती आणि शिरोरेघ पुढे वीतभर रिकामी गेली होती. दोरीवरचे कपडे संपावेत आणि दोरी उरावी तशी.

मग मला कळलं. निदान कळलं असं वाटलं. पोरगी हुशार. गल्लीला संशय आहे हे तिनं ओळखलं, त्या संशयाचा आवाज काढून आईबापाला घाबरवायचं ठरवलं. आणि आवाज काढला माझा. तिला ठाऊक होतं का, की हे मराठी माझ्या अंगावर येईल? पाटी मांडीवर घेऊन बसणाऱ्या त्या मुलीबद्दल मी असा विचार केला. आणि आता डाव उलटला होता. बाप जाण्याऐवजी राहणार होता.

मी सांगितलं तर ती उघडी पडणार. नाही सांगितलं तर मीच लिहिलं असं ठरणार. मी काहीच बोललो नाही. गल्लीनं त्याचा अर्थ लावला.

"सर, भारी," मन्मथ खालच्या आवाजात म्हणाला.

"चूक."

आवाज वरून आला होता. ॲलिसन दोन पायऱ्या उतरली. "चूक. सरांनी नाही लिहिले. मी लिहून राहिले होते. काल. सगळे झोपून राहिले होते तेव्हा."

माझं आणि प्रमोदिनीचं मराठी एकाच वाक्यात ऐकून कोणाला हसू आलं नाही.

"तू?" मन्मथ म्हणाला. "आपल्याच आईबापाला धमकी देती व्हय गं?"

"धमकी काय?" तिनं मला विचारलं. तिला तो शब्द माहीत नव्हता. मी तो शिकवला नव्हता.

"धमकी म्हणजे... भीती दाखवणं. तू लिहिलंस ना, तुम्ही निघून जा..."

"तुम्ही नाही!" ती रडकुंडीला आली. "तुम्ही लिहिले नाही. आपण लिहिले. तुम्ही शिकवले, सर. समोरच्याला धरून. आई, बाबा, मी. आपण आपल्या घरी जावे. आज्ञा नाही. विनंती आहे. कृपया पण लिहिले."

मी भिंतीकडे वळून ती ओळ पुन्हा वाचली. एकही अक्षर हललं नव्हतं. आपण आता आपल्या घरी परत जावे. कृपया. इतकी माणसं, सगळी मराठी बोलणारी, जन्मभर 'आपण' म्हणणारी, आणि एकाच्याही मनात दुसरा अर्थ आला नव्हता. आम्ही सगळे ते वाचायला आधीच तयार होऊन उभे होतो.

'जाऊ या' हे तिला यायला हवं होतं. तो धडा पुढचा होता.

"घरात मराठीत मागायचे," ती बापाकडे बघून म्हणाली. "मी मराठीत मागितले."

कॉलिनसाठी बोलणं फारच भराभर झालं होतं. त्यानं मला विचारलं, ती काय म्हणते? त्या शब्दाचा अर्थ काय, 'तुम्ही' की 'आपण सगळे'?

मला ठाम उत्तर देता येत नाही ही माझी जुनी खोड आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच खरं उत्तरही तसलंच होतं. "दोन्ही," मी म्हणालो. "मी तुम्हाला चुकीचा सांगितला. ही तुमच्याकडे विनंती आहे. 'आपण तिघं घरी जाऊ.'"

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. बूट अजून हातातच होता.

प्रमोदिनी दारातून आली होती. ती सरळ म्हणाली, "लेकराला कुणी विचारलं होतं का, की नुसतंच देवाला विचारून राहिले?"

कॉलिननं मार्गारेटकडे पाहिलं. बहुधा त्याला वाटलं ती मुलीला समजावेल. मार्गारेट जिना चढून मुलीपाशी गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथूनच नवऱ्याला दोनच शब्द म्हणाली. ते इंग्रजीत नव्हते. गल्लीत बायकांकडून ऐकलेले होते.

"मी बी."

कॉलिन बूट न घालताच वर गेला.

लोक पांगले. गुरुपादप्पा जाता जाता मला म्हणाले, "अनंतराव, मला वाटलं तुमीच लिव्हलाव. बरं वाटलं होतं हो जरा." मन्मथचा संशय मात्र गेला नाही. "सर, ह्ये बी ठरवून केलेलं आसंल. पोरीला पुढं करायचं, गल्लीला रडू आनायचं. बघा तुमी, जूनला परत येत्यात का न्हाई." मी त्याला हसलो नाही, कारण तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.

दुपारी ॲलिसन पाटी घेऊन आली नाही. वरून बोलण्याचे आवाज येत होते, कधी चढे, कधी दबके. दुसऱ्या दिवशीही ती आली नाही. तिसऱ्या दिवशी कॉलिन एकटा खाली आला. त्याला झोप लागली नव्हती हे दिसत होतं. माझ्यासमोर बसून त्यानं मराठीत विचारलं, "सर, तो बरोबर शब्द काय? मुलीला पाहिजे होता तो?"

"जाऊ या," मी म्हणालो.

"जाऊ या." त्यानं तो दोनदा म्हणून पाहिला. दोन्ही वेळा 'या'वर थोडा अडखळला. मग उठला, स्वयंपाकघराचं दार उघडून बंद करून बघितलं, बिजागर नीट चालतंय याची खात्री केली आणि वर गेला.

मी जिन्याखाली उभा राहून ऐकत होतो. असं ऐकणं बरं नाही, तरी ऐकत होतो. वर त्यानं तो शब्द उच्चारला की नाही, मला ऐकू आलं नाही. फक्त ॲलिसनचा आवाज आला, मोठ्यानं, अगदी माझ्यासारखा:

"चूक, बाबा. 'जाऊ हा' नाही. 'जाऊ या'."

महिना संपायच्या आत ती माणसं गेली. निघताना मी तिला सांगून ठेवलं होतं की 'जाते' म्हणायचं नसतं. जीपमध्ये बसल्यावर तिनं आधी प्रमोदिनीकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि 'येते' म्हणाली. मन्मथनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

जूनमध्ये वरच्या खोल्यांत मुलं आली. मन्मथनं जिन्यापाशी पाटी लावली, 'मुलांचे वस्तीगृह'. त्याचं 'वसतिगृह' करायला मी खडू घेऊन बाहेर गेलो होतो. भिंतीवरची तिची ओळ कोणी पुसली नव्हती, पाटीच्या खाली ती अर्धी दिसत होती. नव्यानं आलेला एक मुलगा आपली ट्रंक पहिल्या पायरीवर ठेवून ती वाचत होता.

"काका," त्यानं मला विचारलं, "ह्ये कुनाला म्हनायलेत? आमाला का?"

मी सांगायला लागलो. मग लक्षात आलं, त्याचं गाव कुठलं, त्याला इथं यायचं होतं की नाही, हे मी अजून विचारलंच नव्हतं. म्हणून आधी ते विचारलं.